ताफा थांबणार नाही

१ नोव्हेंबर १९९७, शनिवार

भाऊबीज. ओवाळून झाल्यावर तबकात काही टाकण्याऐवजी दादाने माझ्यापुढेच हात पसरला.

"यंदा ओवाळणी तू द्यायची. एक नाटक लिहून दे."

"ऐका!" आई म्हणाली. "बहिणीला लुटाया निघाला."

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ शेखर, सातपूरच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे मशीनने पत्रा दाबून सुटे भाग काढतात तिथे, तीन वर्षांपासून टेम्पररी आहे. कामगारांच्या एकांकिका स्पर्धेत त्यांचा संघ दर वर्षी उतरतो. दिग्दर्शन त्याच शॉपमधले गोरक्षभाऊ करतात. गेल्या वर्षी दारुड्या नवऱ्याचे नाटक होते. बायकोचे काम करायला कोणी मिळेना, तेव्हा गोरक्षभाऊंना स्वतःची मिशी उतरवावी लागली.

"म्हणून यंदा अट एकच," दादा म्हणाला. "नाटकात बाई नको. सगळे पुरुष, आणि सगळ्यांना मिशा."

नाटके मी पुष्कळ वाचली आहेत, पाहिली दोनच. चार माणसांसमोर बोलायचे म्हटले की माझा घसा बंद होतो. बोर्डात आले तेव्हा शाळेने सत्कार केला होता, त्या दिवशी 'आभारी आहे' हे दोन शब्दही माझ्या तोंडून निघाले नव्हते. पण लिहिताना कोणी समोर नसते. मी हो म्हटले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

विषय सापडला.

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आम्हांला दुसरे महायुद्ध आहे. वाचनालयातून आणलेल्या इंग्रजी ग्रंथातील एक प्रकरण शब्दकोश शेजारी ठेवून वाचत होते. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या युद्धनौकांपेक्षा व्यापारी जहाजांच्याच मागे लागल्या होत्या. गहू, कोळसा, तेल वाहणारी साधी जहाजे. शत्रूच्या बेटावर सैन्य उतरवण्यापेक्षा त्याच्याकडे येणारी भाकर वाटेतच बुडवणे सोपे, असा त्यामागील हिशोब. त्यावर उपाय म्हणून जहाजे ताफा करून निघत आणि त्या ताफ्याचे कडक नियम असत. सर्वांत संथ जहाजाच्या चालीने सर्वांनी जायचे. दिवसा धूर दिसू द्यायचा नाही, रात्री उजेड. आणि एखाद्या जहाजाला पाणबुडीने सोडलेला पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, लागून ते बुडू लागले, तरी मागून येणाऱ्या मालवाहू जहाजाने थांबायचे नाही. थांबलेले जहाज हे पाणबुडीचे पुढचे सावज.

बुडणाऱ्या खलाशांच्या अंगावरील पट्ट्याला लहानसा तांबडा दिवा असे. मागच्या जहाजावरच्यांना ते दिवे दिसत. त्यांच्या शेजारून ते निघून जात.

त्या जहाजांच्या भट्ट्यांवर कोळसा ओढणारे पुष्कळ लोक आपले होते. ग्रंथात त्यांना एकच परिच्छेद मिळाला आहे आणि त्यात एकही नाव नाही.

एका आज्ञेत इतकी मोठी शोकांतिका मी दुसरीकडे वाचलेली नाही. बाई नाही, दारू नाही, मिशा हव्या तितक्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

सातपूरच्या कामगार केंद्रात आज माझ्या 'ताफा' नाटकाचे वाचन झाले. लेखिकेने वाचावे असा आग्रह झाला. पहिल्याच वाक्याला माझा आवाज फुटेना.

"राहू द्या, लेखिकाबाई," गोरक्षभाऊ म्हणाले. "लिहिलं तुम्ही. आता घाम आम्ही गाळतो."

त्यांनी वाचले, आणि चांगले वाचले. सन १९४२. गव्हाने भरलेल्या एका जहाजावर वर कप्तान आणि खाली भट्टीवर आपले खलाशी. पुढच्या जहाजाला पाणतीर लागतो. त्या जहाजावर यांच्याच गावची माणसे आहेत. खलाशी वर धावत येऊन कप्तानाच्या पाया पडतात. तो म्हणतो, "ताफा थांबणार नाही. पुढे चला." तांबडे दिवे एकेक करून मागे पडतात. पडदा.

वाचन संपल्यावर कोणी टाळी वाजवली नाही. संघातले नऊही जण खाली बघत बसले. नाटक पडले असे मी धरून चालले.

"जबरा हाय," गोरक्षभाऊ शेवटी म्हणाले. "पण..." आणि त्यांनी पात्रे वाटायला घेतली. कप्तान दादाला मिळाला.

सर्वांच्या मागे जयरामभाऊ म्हणून एक जण जर्किनच्या खिशात हात घालून बसले होते. त्यांनी विचारले, "ताई, ती पाणबुडी नाटकात कुठं दिसत नाय."

"दिसत नाही हेच तिचे सामर्थ्य आहे," मी म्हटले. बहुधा त्यांना ऐकू गेले नाही, कारण ते जवळ आले.

"पण व्हती का?"

मी दोन ग्रंथांचे आधार सांगितले. त्यांनी मान हलवली. "तुम्ही म्हणता तर आसंल."

त्यांना संवाद नको होते, म्हणून पाण्यात बुडणाऱ्या खलाशाचे काम दिले आहे. काळोखात तांबडा कागद लावलेली बॅटरी धरायची आणि शेवटी विझवायची, एवढेच. पूर्वी तेही प्रेस शॉपलाच होते. आता स्टोअरमध्ये बसून असतात. बढती मिळाली असावी. म्हणूनच थोडे शिष्ट वाटले. चहाचा ग्लास पुढे केला तर घेतलासुद्धा नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

जहाज तयार झाले. कंपनीत माल भरायची लाकडी खोकी असतात, त्यांतली मोडकी आणून गोरक्षभाऊंनी डेक रचला. जहाज हलते कसे हे दाखवायला मात्र काहीच नाही. ते माणसांनीच हलवायचे. संघातला नाथा तेलाच्या रिकाम्या पिंपावर ठोका देतो आणि सर्व जण एकदम डावीकडे कलतात, पुढच्या ठोक्याला उजवीकडे. आज एक जण उलटा कलला.

"आरं, तू एकटाच बुडालास की!" नाथा ओरडला, आणि अर्धा ताफा हसत खाली बसला.

तेवढ्यात कंपनीचे वेल्फेअर ऑफिसर आले. त्यांना सगळे 'वेल्फेअर साहेब' म्हणतात. त्यांनी उभ्या उभ्या शेवटचा प्रवेश पाहिला आणि एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

"वा! हेच आम्ही इतकी वर्षं सांगतोय. माणूस येतो, माणूस जातो, ताफा थांबत नाही. कोणी लिहिलं हे? शेखरच्या बहिणीनं? अरे, मग भाऊ इतका मुका कसा?" मग दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी परमनंटची ऑर्डर जानेवारीत काढतो. प्रयोग असाच झाला पाहिजे. शब्दसुद्धा इकडचा तिकडे नको."

जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. माझे वाक्य ते प्रेस शॉपच्या भिंतीवर रंगवून घेणार आहेत. 'ताफा थांबणार नाही.' तेलरंगात!

वर्गात आजवर माझे वाक्य कोणी फळ्यावरही लिहिले नव्हते. अभिनंदन मात्र कोणी केले नाही. नाथा एवढेच म्हणाला, "चला, आता डबा खाताना बी ताईंचंच नाटक." सगळे हसले. त्यात थोडी असूया असावी.

४ डिसेंबर, गुरुवार

दादाला सर्व संवाद पाठ आहेत. अडतो तो एकाच ठिकाणी. खलाशी पाया पडतात, तो मान वर करतो आणि "ताफा" म्हणून थांबतो. विंगेतून मी उरलेले दोन शब्द सांगते. तरी ओठ हलत नाहीत. अवघे तीन शब्दांचे वाक्य! मी ते पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर धरले, तर तो पुठ्ठ्याकडे पाठ करून उभा राहिला.

घरीही तो हल्ली विचित्र वागतो. आज अण्णा, आमचे वडील, गाईसाठी कडबा कापायच्या यंत्रात पेंढी घालत होते, तर दादाने धावत येऊन त्यांना अक्षरशः मागे ओढले. "हात किती आत घालता!" अण्णा चाळीस वर्षे कडबा कापत आहेत.

"पावसाळ्यापास्नं आसंच चाललंय याचं," आई म्हणाली. "परमनंट झाला की निवळंल."

११ डिसेंबर, गुरुवार

आज तालमीत जयरामभाऊंच्या बॅटरीचे सेल संपले. नवे घालण्यासाठी त्यांनी बॅटरी गुडघ्यांत धरली, डाव्या हाताने झाकण फिरवून पाहिले, ते फिरेना. तेव्हा त्यांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला.

अंगठा होता. बाकीची चार बोटे नव्हती.

महिनाभर मी त्याच हाताकडे चहाचा ग्लास पुढे करीत होते, आणि त्यांना शिष्ट म्हणत होते.

परतताना बसथांब्यावर मी गोरक्षभाऊंना विचारले. त्यांना आश्चर्य वाटले. "शेखरनं घरी सांगितलं नाय? जूनमधी झालं. प्रेसच्या मशीनला दोन बटणं आसत्यात, ताई. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हंजे हात मधी जातच नाय. एक्स्पोर्टचा माल व्हता. वरून सांगितलं, एक बटण दाबलेलंच बांधून टाका, काम पटापट व्हतंय."

"मग?"

"मग काय. जयरामला रिक्षात घातला. मशीन पुसलं. दुसरा माणूस उभा केला. लाइन थांबली नाय."

"दुसरा कोण?"

गोरक्षभाऊंनी रस्त्याकडे पाहिले. "बस आली बघा."

बस आली नव्हती.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मळ्यात झेंडू तोडताना दादाला विचारले.

"मी," तो म्हणाला. ओंजळभर फुले टोपलीत टाकून म्हणाला, "सुपरवायझर म्हणाला, शेखर, उभा राहा. टेम्पररी माणूस नाही म्हणत नसतो. उभा राहिलो. पत्रा दाबायचा साचा अजून ओला होता."

आणखी काही लिहवत नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

माझे वाक्य भिंतीवर रंगवून झाले आहे. कुठे, ते नाथाने सांगितले. त्याच मशीनच्या वर.

मला राग येतो तेव्हा मी सहसा वाचत बसते. आज वाचता आले नाही. ग्रंथ उघडून एकाच पानाकडे बघत राहिले आणि जयरामभाऊंचा प्रश्न मला पहिल्यांदा कळला. मी त्यांना अटलांटिकचे आधार सांगत होते. ते अटलांटिकचे विचारीतच नव्हते.

समुद्रात ज्याने 'थांबू नका' म्हटले, त्याच्या जहाजाखाली खरोखर पाणबुडी असू शकत होती. थांबला असता तर शंभर माणसे आणखी गेली असती. म्हणून ती शोकांतिका. प्रेस शॉपच्या फरशीखाली काय होते? अर्धा तास लाइन थांबली असती तर कोण बुडणार होते? माल एक दिवस उशिरा पोहोचला असता, इतकेच. माझे वाक्य त्या साहेबांना इतके का आवडले, हे बोर्डात आलेल्या मुलीला तीन आठवडे कळू नये! त्यांना माझ्या नाटकातून फुकटात एक पाणबुडी मिळाली.

नाटक मी मागे घेऊ शकते. मग ते दुसरे कोणते तरी करतील, आणि वाक्य भिंतीवर तसेच राहील. त्यापेक्षा ते पुरे करीन.

ग्रंथात आधार आहे. पाणतीर लागला असे समजून ज्यांची नोंद झाली, अशी काही जहाजे वाहत आलेल्या सुरुंगावर आदळून बुडाली होती. म्हणजे त्या वेळी आसपास पाणबुडी नव्हतीच. नवा प्रवेश असा: कप्तान बंदरावर पोहोचला आहे. गहू उतरत आहे. चौकशी अधिकारी त्याला सांगतो, "त्या रात्री त्या समुद्रात पाणबुडी नव्हती." कप्तान म्हणतो, "मला आज्ञा होती." अधिकारी विचारतो, "आणि दिवे दिसत होते?" पडदा.

दादाची ऑर्डर जानेवारीत निघायची आहे. शब्दसुद्धा इकडचा तिकडे नको, असे साहेब म्हणाले आहेत. हे लिहिताना मी ते विसरलेले नाही.

२१ डिसेंबर, रविवार

नवा प्रवेश मी स्वतः वाचला. आवाज कापत होता, पण फुटला.

"लय भारी," नाथा म्हणाला. "भिंतीवर आता ह्ये रंगवा म्हणावं."

"गप रे," गोरक्षभाऊ खोक्यावर बसून म्हणाले. "ताई, आम्ही परमनंट. आमाला फार तर मेमो देतील. शेखरचं काय? तीन वर्सं त्यानं त्या एका कागदापायी कुणाला उलटं उत्तर दिलं नाय."

"म्हणून तर निर्णय त्याचा आहे," मी म्हटले. "तो नको म्हणाला तर मी हे पान फाडते."

सगळे दादाकडे बघू लागले. दादा जयरामभाऊंकडे बघत होता. जयरामभाऊ चिडले.

"माझ्याकडं काय बघतो? मला काय बोटं फुटणार हायत व्हय ह्या नाटकानं? तुझं तू ठरव. उगा माझ्यावर उपकार नको."

"तुझ्यासाठी नाही करत," दादा म्हणाला. "मला ते वाक्य म्हणता येत नाही. त्याच्यापुढे हे असेल तर येईल."

मग त्याने कप्तानाची टोपी घातली, नाथाने पिंपावर ठोका दिला आणि सगळे कलले. दादा न अडखळता म्हणाला, "ताफा थांबणार नाही. पुढे चला."

३० डिसेंबर, मंगळवार

कोणीतरी सांगितलेच. साहेबांनी मला केंद्राच्या कचेरीत बोलावून घेतले. एकटीलाच.

"बस. शेवट बदलला म्हणे?"

"वाढवला."

"मी सही केलेली प्रत वेगळी आहे."

"तीही माझीच आहे."

ते हसले. "हे बघ, तू हुशार मुलगी. शेखरची ऑर्डर टाइप होऊन माझ्या टेबलावर पडलीय. वडील फुलं विकतात ना तुमचे? किती दिवस विकणार? तुझ्या चार ओळींसाठी भावाचं वाटोळं करू नकोस."

माझे हात ओढणीत गुंडाळलेले होते. मी ठरवले की एकच वाक्य बोलायचे आणि ते प्रश्नार्थक असावे.

"साहेब, पाणबुडी होती का?"

"कुठली पाणबुडी?"

"जूनमधली."

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही घातला नाही. मग एका दमात सांगितले: कंपनी बस देणार नाही, रंगभूषेचे पैसे देणार नाही, आणि नाटकाला कंपनीचे नाव लावायचे नाही.

"कामगार संघ म्हणून नोंद आहे," मी म्हटले. "नियमावलीत कंपनीचे नाव ऐच्छिक आहे. मी वाचली."

बाहेर आले तेव्हा पायऱ्यांवर नऊही जण उभे होते. "काय म्हणले?" गोरक्षभाऊंनी विचारले. मी सांगितले आणि मग बराच वेळ पाणी पीत राहिले.

९ जानेवारी १९९८, शुक्रवार

प्रयोग झाला.

जहाज अण्णांच्या फुलांच्या टेम्पोतून नाट्यगृहात आले. खोक्यांना झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. झाडता झाडता पुरेवाट झाली. आई आणि अण्णा तिसऱ्या रांगेत बसले. मागे प्रेस शॉपची पहिली पाळी जवळजवळ सगळी आली होती. साहेबही होते, पहिल्या रांगेत कडेला.

मी विंगेत संहिता धरून उभी. सर्व ठरल्याप्रमाणे चालले. जहाज कलले, पाणतीर लागला, दादाने आज्ञा दिली, जयरामभाऊंचा दिवा मागे मागे जाऊन विझला. नवा प्रवेश सुरू झाला. चौकशी अधिकारी झालेले गोरक्षभाऊ म्हणाले, "त्या रात्री त्या समुद्रात पाणबुडी नव्हती."

दादाने "मला आज्ञा होती" म्हणायला तोंड उघडले, तोच मागून कोणीतरी ओरडले, "आन् मशीन कुनी चालू ठेवलं? ते बी सांग की, शेखर!"

दादा प्रेक्षकांकडे वळला. टोपी काढली.

"मी," तो म्हणाला. "हुकूम वरून आला. पण मशीनसमोर मी उभा राहिलो. अर्ध्या तासात चारशे नग काढले."

मी संहिता चाळत होते. हे वाक्य कोणत्या पानावर आहे, ते मला सापडेना. त्याला पुढचे काय सांगू हेही कळेना. एवढ्यात गोरक्षभाऊंनी सावरले. ते आपला शेवटचा संवाद जणू दादालाच विचारावा तसे म्हणाले, "आणि दिवे दिसत होते?"

"दिसत होते," दादा म्हणाला.

हेही संहितेत नव्हते. पडदा ओढणाऱ्याला खूण मिळाली नाही, म्हणून पडदा पडायला उशीर झाला, आणि तेवढा वेळ दादा तसाच उजेडात उभा होता.

१२ जानेवारी, सोमवार

निकाल लागला. आम्हांला काही नाही. परीक्षकांनी शेरा दिला: 'विषय अभिनव, मात्र कलावंतांनी संहितेशी प्रामाणिक राहावे.' हे ऐकून जयरामभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दादाला सकाळी गेटवरूनच परत पाठवले. 'काम संपले,' एवढेच सांगितले. तो घरी आला तेव्हा अण्णा टोपल्या बांधत होते.

"मंग उद्यापास्नं पहाटे माझ्यासंगं मळ्यात," ते म्हणाले. "झेंडू काय टेम्पररी-परमनंट बघत नाय."

आई तीन दिवस दादाशी बोलली नव्हती. नोकरी जाईल म्हणून रागावली असेल, असे मला वाटत होते. आज तिने पदर खोचला आणि विचारले, "त्या जयरामच्या घरी गेला व्हतास का? बोटं गेल्यावर?"

"नाही."

"एकदा बी नाय?"

"नाही, आई."

"मंग उठ. गाडी काढ." मेथीच्या जुड्या, कोथिंबीर आणि चार नारळ पिशवीत भरून ती त्याच्या मागे एम-एटीवर बसली. दोघेही अजून परत आलेले नाहीत.

नाथा सांगत होता, भिंतीवरच्या वाक्यावर साहेबांनी चुना मारून घेतला. तेलरंग खालून दिसतोच आहे, म्हणून उद्या दुसरा हात देणार आहेत. स्वतःचे वाक्य पुसले गेल्याचा इतका आनंद कोणा लेखकाला झाला असेल असे वाटत नाही.

१८ जानेवारी, रविवार

सातपूरच्या कामगार वसाहतीतील मंडळाने प्रजासत्ताक दिनाला चौकात 'ताफा' करायला बोलावले आहे. कंपनीने केंद्राचे सभागृह आम्हांला मिळू दिले नाही, म्हणून आज आमच्या मळ्यात, शेडखाली तालीम ठेवली. गोरक्षभाऊंना मेमो मिळाला आहे. त्याची घडी घालून त्यांनी ती हलणाऱ्या खोक्याखाली टेकण म्हणून सरकवली.

जयरामभाऊ आले ते सरळ माझ्याकडे.

"ताई, मला कप्तान करू द्या."

"तुम्हांला संवाद नको होते ना?"

"तवा नको व्हते." ते दादाकडे बघून म्हणाले, "तिथं उभं राहून बघायचंय. खालचं काय काय दिसतं त्ये."

"मग पाण्यात कोण?" नाथाने विचारले.

दादाने खोक्यावरून बॅटरी उचलली.

संवाद त्यांना सगळे पाठ होते; सर्वांचे. टोपी जरा मोठी होत होती. नाथाने ठोका दिला, जहाज कलले, पाणतीर लागला. खलाशी पाया पडले. झेंडूच्या वाफ्यांपलीकडे दादा तांबडा दिवा धरून उभा होता. जयरामभाऊंनी मान वर केली. उजवा हात खिशात नव्हता.

"थांबवा," ते म्हणाले.

नाथाचा ठोका चुकला. अर्धे जण डावीकडे कललेले तसेच राहिले.

"आरं, संवाद चुकला!" गोरक्षभाऊ ओरडले. "ताफा थांबणार नाही, पुढे चला. ताई, सांगा त्याला."

मी संहितेत बघत होते. वाक्य तिथे होते, माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारलेले. जयरामभाऊंनी पुन्हा तेच म्हटले, अधिक मोठ्याने. "जहाज थांबवा. दोर टाका."

असे कप्तान होऊन गेले आहेत. आज्ञा मोडून, दिवे लावून, बुडणाऱ्यांजवळ थांबलेले. काहींची जहाजे त्यापायी बुडाली, काही सगळ्यांना घेऊन परतले. ग्रंथात त्यांच्यावर अडीच पाने आहेत. त्याने शोकांतिका पातळ होते म्हणून मी ती घेतली नव्हती.

"आता ह्यो थांबला तर पुढं काय?" गोरक्षभाऊ डोक्याला हात लावून म्हणाले. "चौकशीचा प्रवेश गेला. माझा रोल गेला. नाटक हितंच संपलं की!"

"नाही," मी म्हटले. शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेले, कारण आई भाकरी थापता थापता वळून बघू लागली. "इथून पुढचे मी लिहिते. पाणबुडी खाली आहे की नाही हे कोणाला ठाऊक नाही, आणि जहाज थांबले आहे."

"आन् ते कदी मिळणार? सव्वीसला प्रयोग हाय, बाई."

मी त्या वाक्यावर आडवी रेघ ओढली. "शुक्रवारी देते. तोवर दोर टाकायची तालीम करा."